शिक्षेची कठोरता आणि गुन्हेगारांची नोंदवही : ऑनलाइन लैंगिक गुन्ह्यांविषयक कायद्यांचा ऐतिहासिक अभ्यास (उमरठ परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव नरवीर तानाजी मालुसरे यांचे गाव म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. १६७० साली कोंढाण्यावर धारातीर्थी पडलेल्या तानाजींची समाधी येथे आहे. सह्याद्रीच्या कुशीतील या परिसरात शिवकालाची स्मृती केवळ ग्रंथात नाही, ती लोकांच्या बोलण्यात आहे. स्त्रीवरील अत्याचाराची बातमी आली की ‘महाराजांच्या काळी असे करणाऱ्याचा चौरंग केला जात असे’ हे वाक्य येथे सहज उच्चारले जाते. उमरठपासून फार दूर नसलेल्या महाडला दुसरीही एक परंपरा आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले आणि वर्णानुसार कमी-अधिक शिक्षा सांगणारा न्याय सार्वजनिकरीत्या नाकारला गेला. शिक्षा कठोर असावी ही एक अपेक्षा आणि ती सर्वांना समान असावी ही दुसरी, अशा दोन्ही अपेक्षा या भूप्रदेशाच्या इतिहासात रुजलेल्या आहेत.

एकविसाव्या शतकात लैंगिक गुन्ह्याचे साधन बदलले. मुलीचे छायाचित्र चोरून घेणे, ते प्रसारित करण्याची धमकी देणे, अल्पवयीन मुलांची अश्लील चित्रणे साठवणे व विकणे, खोट्या नावाने पाठलाग करणे हे गुन्हे भ्रमणध्वनीच्या साहाय्याने कोणत्याही गावात घडू शकतात. त्यांना आळा घालण्यासाठी प्रामुख्याने दोन उपाय पुढे केले जातात. शिक्षा अधिक कठोर करावी हा पहिला उपाय होय आणि लैंगिक गुन्हेगारांची कायमस्वरूपी नोंदवही ठेवावी हा दुसरा. हे दोन्ही उपाय नवे मानले जातात. वास्तविक महाराष्ट्राने यापूर्वी या दोन्हींचा अनुभव घेतलेला आहे. त्या अनुभवाच्या आधारे प्रचलित वादाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) लैंगिक गुन्ह्यांच्या शिक्षेविषयी महाराष्ट्रात झालेल्या चर्चेचे ऐतिहासिक टप्पे पाहणे.
२) ऑनलाइन लैंगिक गुन्ह्यांसंबंधीच्या कायद्यांत २००० नंतर झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
३) गुन्हेगारांच्या नोंदवहीच्या संकल्पनेचा भारतीय इतिहास तपासणे.
४) उमरठसारख्या लहान व दुर्गम गावाच्या दृष्टीने या उपायांची उपयुक्तता व मर्यादा स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखात ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. त्यासाठी शिवकालीन पत्रव्यवहार, ब्रिटिशकालीन व स्वातंत्र्योत्तर कायदे, तसेच सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे निवाडे यांचा आधार घेतला आहे. कोणत्याही पीडित व्यक्तीची ओळख उघड होईल असा तपशील कटाक्षाने टाळला आहे.

रांझ्याच्या पाटलाचे प्रकरण : स्मृती आणि दस्तऐवज

कठोर शिक्षेच्या समर्थनार्थ महाराष्ट्रात सर्वाधिक वेळा दिला जाणारा दाखला रांझ्याच्या पाटलाचा आहे. खेड-शिवापूर परिसरातील रांझे गावचा पाटील बाबाजी भिकाजी गुजर याचे हातपाय तोडण्याची शिक्षा शिवाजी महाराजांनी दिली. यासंबंधीचे पत्र सामान्यतः १६४६ सालचे मानले जाते. लोकस्मृतीत या प्रकरणातील शिक्षा तेवढी उरली आहे. पत्र मात्र आणखी काही सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे या पत्राचा मुख्य विषय शिक्षा हा नसून वतन हा आहे. पाटलाने मुकादमी करीत असता ‘बदअमल’ केला म्हणून त्याची पाटीलकी काढून घेण्यात आली. पुढे त्याच्या गोतातील सोनजी गुजर याच्या अर्जावरून दोनशे होन घेऊन ती त्याला देण्यात आली आणि अपंग झालेल्या बाबाजीला त्याच्याच स्वाधीन करण्यात आले. दुसरी गोष्ट अशी की, अपराधी हा सामान्य रयत नव्हता. तो गावचा सत्ताधारी होता. गावातील तक्रारी ज्याने ऐकायच्या त्याच्याविरुद्धचीच तक्रार वरपर्यंत पोहोचली, त्याला हुजूर बोलावण्यात आले आणि त्याचे अधिकारपद गेले. तेव्हा या प्रकरणाचे महत्त्व केवळ शिक्षेच्या भीषणतेत नाही. पाटलाविरुद्धची तक्रार पाटलाला डावलून पोहोचू शकली आणि तिची दखल घेतली गेली, यात ते अधिक आहे. चौरंगाची आठवण काढणाऱ्या सार्वजनिक चर्चेत नेमका हा भाग गळून पडतो.

पेशवाईत चित्र पालटलेले दिसते. ‘बदकर्मा’ची प्रकरणे दंड, जातिबहिष्कार व प्रायश्चित्त या मार्गांनी हाताळली जात. त्यात स्त्रीची संमती होती की नाही हा प्रश्न बहुधा गौण ठरे. व्यभिचाराचा ठपका आलेल्या स्त्रियांना बटीक म्हणून सरकारी कोठीत वा कारखान्यांत ठेवल्याच्याही नोंदी पेशवे दप्तरात आहेत. शिक्षा कठोर होती, पण तिचा भार अनेकदा स्त्रीवरच पडत होता. शिक्षेची कठोरता हा न्यायाचा एकमेव निकष मानणाऱ्यांनी हा काळही विचारात घेणे आवश्यक आहे.

वसाहतकालीन कायदा आणि संमतिवयाचा वाद

भारतीय दंड संहिता १८६० साली संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. जातीनुसार शिक्षा ही पद्धत तिने कायद्याच्या पातळीवर संपुष्टात आणली. लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यावर महाराष्ट्रातील पहिला मोठा सार्वजनिक वाद संमतिवयाच्या प्रश्नावर झाला. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाहाविषयी टिपणे प्रसिद्ध केली. त्याच सुमारास रखमाबाईंचा खटला मुंबईत गाजला. १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेण्यात आले. न्या. महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी या विधेयकाची बाजू घेतली, तर लोकमान्य टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपाच्या मुद्द्यावर त्याला विरोध केला.

या वादाचा प्रस्तुत विषयाशी संबंध असलेला भाग वेगळा आहे. कायदा संमत झाल्यानंतर सरकारने अंमलबजावणीत अतिशय सावधगिरीचे धोरण ठेवले आणि खटले क्वचितच दाखल झाले. बारा वर्षांच्या मुलीने आपल्याच घरातील पुरुषाविरुद्ध कोणाकडे जावे, याचे उत्तर कायद्यात नव्हते. परिणामी कायद्याने समाजमनात खळबळ माजवली, परंतु ज्या मुलींसाठी तो केला होता त्यांच्यापर्यंत तो फारसा पोहोचला नाही.

मथुरा खटला आणि किमान शिक्षेचा आरंभ

स्वातंत्र्यानंतर या विषयाला निर्णायक वळण महाराष्ट्रातील एका आदिवासी मुलीच्या खटल्याने दिले. मार्च १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा मुक्त केले. प्रतिकाराच्या खुणा नाहीत म्हणून संमती होती, असा अर्थ काढण्यात आला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर त्याचे पडसाद उमटले आणि १९८३ ची दुरुस्ती झाली. महाविद्यालयीन व विद्यापीठीय अध्यापकांच्या हस्तक्षेपातून दंडविधान बदलल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

या दुरुस्तीने बलात्कारासाठी किमान सात वर्षांची आणि कोठडीतील बलात्कारासाठी किमान दहा वर्षांची शिक्षा ठरवली. कोठडीतील प्रकरणांत संमती नसल्याचे गृहीतक आले. पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे हा कलम २२८-अ नुसार गुन्हा ठरला. किमान शिक्षा, पुराव्याचे नियम आणि ओळखीचे संरक्षण या तीन गोष्टी एकत्र आल्या, हे या दुरुस्तीचे वैशिष्ट्य आहे. नंतरच्या चर्चांत यांपैकी पहिल्या गोष्टीवरच भर राहिला.

छायाचित्रापासून महाजालापर्यंत

ऑनलाइन गुन्ह्यांचा इतिहास महाजालाच्या आधी सुरू होतो. गोव्यात फ्रेडी पीट्स या परदेशी वंशाच्या इसमाला १९९१ मध्ये अटक झाली. अनाथाश्रमाच्या नावाखाली मुलांचे शोषण व त्यांची छायाचित्रे काढणे असा हा गुन्हा होता. १९९६ मध्ये मडगावच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. पुढे गोवा बालक अधिनियम, २००३ संमत झाला. छायाचित्रे धुऊन देणाऱ्या व्यावसायिकांना मुलांची अश्लील छायाचित्रे आढळल्यास पोलिसांना कळविण्याचे बंधन या कायद्याने घातले. आज संकेतस्थळे व समाजमाध्यमे चालविणाऱ्या कंपन्यांवर जी जबाबदारी टाकली जाते तिचे मूळ रूप या तरतुदीत दिसते.

मुंबईतही अशी प्रकरणे घडली. २००० च्या अखेरीस एका स्विस दाम्पत्याला मुंबईत अटक झाली. गरीब वस्त्यांतील मुलींची अश्लील छायाचित्रे काढल्याचा आरोप त्यांच्यावर होता. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना सात वर्षे सक्तमजुरी सुनावली. उच्च न्यायालयाने पुढे ही शिक्षा भोगलेल्या काळापुरती मर्यादित करून मुलींना भरपाई देण्यास सांगितले आणि हे दाम्पत्य भारताबाहेर गेले. कुलाब्यातील ‘अँकरेज’ बालगृहाचे प्रकरण २००१ मध्ये उघडकीस आले. दोघा ब्रिटिश नागरिकांना २००६ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा वर्षांची शिक्षा कायम केली. प्रकरण उघड होण्यापासून अंतिम निकालापर्यंत दहा वर्षे गेली. तोवर त्या बालगृहातील मुले प्रौढ झाली होती.

या दोन्ही प्रकरणांत नोंदवहीच्या समर्थकांना बळ देणारा एक मुद्दा आहे. देशोदेशी फिरणाऱ्या आणि मुलांशी संबंधित संस्थांत शिरकाव करणाऱ्या गुन्हेगाराची माहिती पुढील देशाला, पुढील संस्थेला मिळाली पाहिजे, ही मागणी अवाजवी म्हणता येत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा आणि नंतरचे बदल

माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्यातील कलम ६७ नुसार अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध करणाऱ्यास पहिल्या अपराधासाठी पाच वर्षांपर्यंत व पुढील अपराधासाठी दहा वर्षांपर्यंत कारावास होता. मूळ कायद्यात मुलांविषयीची स्वतंत्र तरतूद नव्हती. २००४ मध्ये दिल्लीतील शाळकरी मुलांची चित्रफीत एका लिलाव संकेतस्थळावर विक्रीस आल्याने ही उणीव प्रकर्षाने समोर आली. २००८ ची दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली. तिने खासगी अवयवांचे चोरून चित्रण यासाठी कलम ६६-ई, लैंगिक कृतीच्या चित्रणासाठी ६७-ए आणि मुलांच्या चित्रणासाठी ६७-बी ही कलमे आणली. शेवटच्या दोन कलमांत पहिल्या अपराधास पाच व पुढील अपराधास सात वर्षांपर्यंत कारावास व दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

याच दुरुस्तीने मूळ कलम ६७ मधील पहिल्या अपराधाचा कारावास पाचवरून तीन वर्षांवर आणला आणि तीन वर्षांपर्यंतचे गुन्हे जामीनपात्र ठरवले. एकाच दुरुस्तीत काही शिक्षा वाढल्या व काही घटल्या. म्हणजे सर्व ऑनलाइन लैंगिक गुन्हे एकाच तीव्रतेचे नाहीत हे विधिमंडळानेच मान्य केले होते. शिक्षेची अशी प्रतवारी ही कायद्याची दुर्बलता नसून विवेक आहे.

त्यानंतर बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, म्हणजेच पोक्सो कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. २०१३ च्या फौजदारी दुरुस्तीने चोरून पाहणे व चित्रण करणे (कलम ३५४-क) आणि पाठलाग (कलम ३५४-ड) हे गुन्हे निश्चित केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते अनुक्रमे कलम ७७ व ७८ मध्ये आहेत. २०१९ मध्ये पोक्सोतील शिक्षा वाढल्या. अश्लील चित्रणासाठी मुलांचा वापर केल्यास किमान पाच वर्षांचा कारावास आला आणि सर्वात गंभीर अपराधांसाठी मृत्युदंडाची तरतूद झाली. २३ सप्टेंबर २०२४ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांची अशी चित्रणे साठवण्यासंबंधीचा कायदा व्यापक अर्थाने स्पष्ट केला आणि ‘बाल पोर्नोग्राफी’ हा शब्दप्रयोग टाळून त्याकडे मुलांचे शोषण म्हणून पाहण्यास सांगितले.

कठोर शिक्षेचे न्यायालयीन परिणाम

शिक्षा वाढवल्याने न्यायालयीन व्यवहार कसा बदलतो, हे महाराष्ट्रातील दोन प्रकरणांवरून पाहता येते. २०१३ च्या शक्ती मिल प्रकरणात पुन्हा अपराध करणाऱ्यांसाठीच्या कलम ३७६-ई चा वापर होऊन एप्रिल २०१४ मध्ये तिघांना फाशीची शिक्षा झाली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कलमाची वैधता मान्य केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. न्या. जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३ च्या अहवालात बलात्कारासाठी मृत्युदंडाची शिफारस केली नव्हती, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

दुसरे प्रकरण नागपूर खंडपीठाच्या जानेवारी २०२१ च्या निवाड्याचे आहे. कपड्यावरून केलेला स्पर्श पोक्सोतील लैंगिक हल्ल्याच्या व्याख्येत बसत नाही असे त्यात म्हटले गेले. शिक्षा कठोर असल्यामुळे पुरावाही तितकाच काटेकोर हवा, हे त्यामागील एक कारण होते. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निवाडा रद्द केला. तथापि किमान शिक्षा वाढली की गुन्ह्याची व्याख्या संकुचित करण्याकडे कल होऊ शकतो, ही बाब या प्रकरणाने उघड केली.

महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये ‘शक्ती’ विधेयक संमत केले. त्यात मृत्युदंडाची तरतूद, तपासासाठी तीस दिवसांची मुदत आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातून स्त्रियांना होणाऱ्या त्रासासाठी स्वतंत्र गुन्हा यांचा समावेश होता. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही.

संदिग्ध कायद्याचा धोकाही महाराष्ट्राने अनुभवला आहे. २०१२ मध्ये पालघर येथे समाजमाध्यमावरील साध्या मतप्रदर्शनावरून दोन तरुणींना अटक झाली. त्या वेळी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ चा आधार घेण्यात आला होता. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. स्त्रियांच्या संरक्षणासाठीही वापरले जाईल असे ज्या कलमाविषयी सांगितले जात होते, त्याच कलमाखाली तरुणींना कोठडीचा अनुभव घ्यावा लागला.

नोंदवहीचा भारतीय इतिहास

लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीची संकल्पना प्रामुख्याने अमेरिकेतून आली असे मानले जाते. तेथे १९९४ व १९९६ च्या संघीय कायद्यांनी अनुक्रमे नोंदणी व सार्वजनिक प्रसिद्धी देशभर रूढ केली. ब्रिटनने १९९७ मध्ये नोंदणी स्वीकारली, परंतु यादी सर्वांसाठी खुली केली नाही. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची राष्ट्रीय लैंगिक गुन्हेगार माहितीसूची २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. आरंभीच तिच्यात सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. ही सूची केवळ तपास यंत्रणांसाठी आहे. २०१९ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेने संमत केलेल्या ‘दिशा’ विधेयकासोबत राज्यस्तरीय नोंदवहीची कल्पना पुढे आली आणि महाराष्ट्रातही तिची चर्चा झाली.

तथापि, माणसांची नोंदवही ठेवण्याचा प्रयोग भारतात त्याहून बराच जुना आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना गुन्हेगार घोषित करून त्यांच्या सदस्यांची नोंदवही ठेवण्याची व्यवस्था केली. १९११ च्या कायद्याने ती मुंबई इलाख्यात लागू करण्याचा मार्ग मोकळा झाला. नोंद झालेल्या व्यक्तीचे बोटांचे ठसे घेतले जात, तिला ठरावीक काळाने हजेरी द्यावी लागे, गाव सोडताना परवानगी घ्यावी लागे. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सात वर्षे आणि तिसऱ्यांदा जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा अशीही तरतूद होती. म्हणजे नोंदवही आणि पुनरपराधासाठी वाढीव शिक्षा ही आज सुचवली जाणारी जोडी त्या कायद्यात शंभर वर्षांपूर्वीच एकत्र नांदत होती. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहत ही या व्यवस्थेची महाराष्ट्रातील सर्वपरिचित खूण आहे.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. परंतु त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा आहे. नोंदवहीतून नाव निघाले तरी पोलिसांच्या नजरेतून ते निघाले नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनातून हा अनुभव मराठी वाचकांपुढे आला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निर्णय देताना तुरुंगांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला आणि ‘सराईत गुन्हेगार’ या शब्दाच्या आडून विमुक्त जमातींना लक्ष्य केले जाऊ नये असे बजावले. एका नोंदवहीचे परिणाम पुसण्यास बहात्तर वर्षांनंतरही न्यायालयाला आदेश द्यावा लागला, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

अर्थात दोन नोंदवह्यांत मूलभूत फरक आहे. पहिली जन्मावर आधारलेली होती, दुसरी सिद्ध झालेल्या अपराधावर. हा फरक महत्त्वाचा आहे आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. मात्र तो टिकवायचा असेल तर केवळ संशयित व आरोपी यांची नावे सूचीत येता कामा नयेत, नोंदीला मुदत हवी आणि नाव वगळण्यासाठी अर्जाची सोय हवी. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये, फेरविचाराची कोणतीही संधी नसलेली आजन्म नोंदणी मानवी हक्कांशी विसंगत ठरवली. ऑनलाइन वावराविषयी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निवाडाही उद्बोधक आहे. नोंदणीकृत गुन्हेगारांना समाजमाध्यमांची दारे सरसकट बंद करणारा नॉर्थ कॅरोलायना राज्याचा कायदा त्याने रद्द केला. अल्पवयीन आरोपींबाबत तर भारतातील बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम २४ सामान्यतः दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता नाकारते व नोंदी नष्ट करण्याची तरतूद करते. शाळकरी मुलाने केलेल्या चित्रप्रसाराच्या प्रकरणात या कलमाचे भान सुटू नये.

उमरठच्या दृष्टिकोनातून

कायद्याची कसोटी राजधानीत नव्हे, तर शेवटच्या गावात लागते. पोलादपूर तालुक्यातील बहुसंख्य कुटुंबांचा मुंबईशी चाकरमान्यांमार्फत संबंध आहे. गावातील मुलीच्या छायाचित्राचा गैरवापर मुंबईत बसून होऊ शकतो आणि त्याचे परिणाम ती गावात भोगते. अशा मुलीला सार्वजनिक नोंदवहीचा काय उपयोग होईल, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांनुसार बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या परिचयाचा असतो. काही वाड्यांच्या लहान गावात गुन्हेगाराचे नाव व पत्ता प्रसिद्ध झाला की पीडिता कोण हे सांगावे लागत नाही. म्हणजे सार्वजनिक नोंदवही, पीडितेची ओळख गुप्त ठेवण्याची जी हमी १९८३ पासून कायद्याने दिली आहे, तीच मोडून काढील. ती भीती असेल तर कुटुंब तक्रारच करणार नाही. आरोपी नात्यातील असेल तर संपूर्ण घराण्यावर बट्टा नको म्हणून प्रकरण घरातच मिटवले जाईल. नोंदवही जितकी उघड, तितकी तक्रार अवघड, अशी ही स्थिती आहे.

दुसरा प्रश्न तपासाचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार तपास पोलीस निरीक्षक वा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्यानेच करावयाचा असतो. ग्रामीण भागातील अनेक ठाण्यांचा कारभार सहायक निरीक्षकांकडे असतो. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये जिल्हा पातळीवर सायबर प्रयोगशाळा सुरू केल्या. रायगडचे जिल्हा मुख्यालय अलिबाग येथे, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत विहित प्रमाणपत्र आवश्यक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी जालन्याच्या निवडणूक याचिकेतून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ती अट आहे. घाबरलेल्या पालकांनी भ्रमणध्वनीतील मजकूर पुसून टाकला, अथवा ठाण्यात प्रमाणपत्राविषयी माहिती नसली, तर कठोरातील कठोर शिक्षेची तरतूदही निरुपयोगी ठरते. २०२४ पासून कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवण्याची आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहिती देऊन तीन दिवसांत स्वाक्षरी करण्याची सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने दिली आहे. दुर्गम गावासाठी ही तरतूद शिक्षावाढीपेक्षा अधिक मोलाची आहे. ती गावातील शाळा, महाविद्यालये व ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१) रांझ्याच्या प्रकरणाचा दाखला केवळ कठोर शिक्षेसाठी देणे अपुरे आहे. सत्ताधाऱ्याविरुद्धची तक्रार ऐकली जाणे व त्याचे पद जाणे, हा त्या दस्तऐवजाचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे.
२) १८९१, १९८३ आणि २०१३ नंतरचे अनुभव असे दर्शवतात की, तक्रारीचा सुलभ मार्ग व पुराव्याचे योग्य नियम यांच्याशिवाय शिक्षावाढीचा लाभ पीडितेला मिळत नाही.
३) ऑनलाइन लैंगिक गुन्ह्यांत कृतीची गंभीरता, पीडित व्यक्तीचे वय व आरोपीचे वय यांनुसार शिक्षेची प्रतवारी राखणे इष्ट आहे.
४) लैंगिक गुन्हेगारांची माहितीसूची तपासासाठी, तसेच मुलांशी संबंधित नोकऱ्यांतील पडताळणीसाठी उपयुक्त आहे. मात्र ती दोषसिद्ध व्यक्तींपुरती, मुदतबद्ध, फेरविचाराची सोय असलेली आणि जनतेसाठी बंद असावी.
५) गुन्हेगार जमाती कायद्याचा इतिहास हा माहितीसूचीला विरोध करण्याचा आधार नसून तिच्या मर्यादा ठरवण्याचा आधार मानावा.
६) तालुका पातळीवर प्रशिक्षित तपास अधिकारी, स्त्री अधिकाऱ्याची उपलब्धता व इलेक्ट्रॉनिक पुरावा जतन करण्याची सोय यांना शिक्षावाढीपेक्षा प्राधान्य द्यावे.

समारोप

उमरठ व महाडच्या परिसराने न्यायाविषयीच्या दोन मोठ्या अपेक्षा जपल्या आहेत. अपराधी कितीही बलवान असला तरी त्याला शासन व्हावे ही एक, आणि कायद्यापुढे माणसाची ओळख जन्मावरून ठरू नये ही दुसरी. शिक्षा व नोंदवही यांच्या आजच्या वादात पहिल्या अपेक्षेचा उच्चार मोठ्याने होतो आणि दुसरीचा विसर पडतो. त्याहून अधिक विसर पडतो तो तक्रार घेऊन निघालेल्या मुलीचा. तिच्या वाडीपासून पोलीस ठाण्यापर्यंतचे अंतर, तेथे तिला मिळणारी वागणूक आणि तिचे नाव गुप्त राहील याची खात्री, या तीन गोष्टींवर या कायद्यांचे यशापयश अवलंबून राहणार आहे. या परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, राज्यशास्त्र व विधी विषयांच्या विभागांनी यासंबंधी स्थानिक पातळीवर अभ्यास व प्रबोधन हाती घेतल्यास १९७९ च्या खुल्या पत्राची परंपरा पुढे चालवल्यासारखे होईल.